खेळायचा वेळ कुणाच्या बापाचा?



या खेपेचा अंक पोरांच्या खेळण्यांवर काढतोय हे कळल्यावर चारदोन दोस्तांनी नाक मुरडलं. म्हणाले, तिकडं माणसं मारली जातायत, सरकारी जागांच्या नोकऱ्या कंत्राटात गिळल्या जातायत, वस्त्यांवर बुलडोझर फिरतायत, आणि तुम्हाला बाहुल्या सुचतात? एकानं तर तोंडावर विचारलं, कविता संपल्या काय रे?

कविता संपलेल्या नाहीत. बुलडोझरवरही लिहू. लिहीत आलोच आहोत. पण गुलामी माणसाच्या अंगात कुठून शिरते हे बघायचं असेल तर दर वेळी मनूच्या दाराशी जायला नको. आपल्याच खोलीत बघा. मोरीपाशी सहा-सात वर्षांची पोरगी उकिडवी बसून भांडी घासतेय आणि तिच्याहून वर्षाने मोठा भाऊ बाहेर गोट्या खेळतोय. ही वाटणी कुठल्या कोर्टानं केली? घरात कुणी पोथी वाचून दाखवली? काहीच नाही. तरी रोज संध्याकाळी ती बिनचूक होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातसुद्धा होते. म्हणून हा अंक.

आपण पोरं काय खेळलो ते आधी आठवा. दुकानातलं खेळणं बापाच्या हजेरीत बसत नव्हतं. मग आपण कचऱ्यातून खेळणी उभी केली. सायकलचा टाकाऊ टायर काठीनं पळवला. गॅरेजवाल्याकडनं जुन्या बेअरिंगा आणल्या, फळीला ठोकल्या आणि उतारावरून गाडी सोडली. काड्यापेट्यांची आगगाडी केली. थंड्याच्या बाटल्यांचे बिल्ले ठोकून चपटे केले, त्यांना दोरा ओवून गरगरा फिरवले. प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळून सुतळीनं आवळल्या की चेंडू. आईचं कपडे बडवायचं धोपाटणं पळवलं की बॅट. तिन्ही स्टंप भिंतीवर कोळशानं काढलेले.

या धोपाटण्यापाशी जरा थांबा. लाकूड तेच. आपल्या हातात आलं की बॅट झालं. बहिणीच्या हातात ते धोपाटणंच राहिलं. आपण मारलेल्या फटक्याला टाळ्या पडल्या, तिच्या फटक्याला चादरीतला मळ निघाला. खेळणं म्हणजे वस्तू नव्हे, दोस्तांनो. खेळणं म्हणजे वेळ. ज्याला वेळ आहे त्याच्या हातात दगडसुद्धा खेळणं होतो. जिला वेळ नाही तिच्या हातात बाहुली दिली तरी ती तिला बाजूला ठेवावी लागते, कारण नळाला पाणी आलेलं असतं.

आणि आपले सगळे खेळ बघा. टायर, पतंग, भोवरा, विटीदांडू, डबा ऐसपैस. यांना रस्ता लागतो, मैदान लागतं, गच्ची लागते, अख्खी दुपार लागते. आता पोरींचे खेळ बघा. सागरगोटे. पाच खडे वेचायचे, उंबऱ्यात बसायचं, मांडीवर धाकटं पोर, एक कान घरात. आईची हाक आली की खडे मुठीत आणि पोरगी आत. चुलीवर भात असला तरी सागरगोटे खेळता येतात. पोरींना सागरगोटे आवडतात असं आपण म्हणतो. आवडायचा प्रश्न कुठं आला? जो खेळ हाक आल्याबरोबर टाकून उठता येतो तेवढाच त्यांच्या वाट्याला ठेवलेला. लंगडी खेळल्या तर दारापुढं. जास्त लांब गेल्या तर चार तोंडं विचारणार, पोरगी कुठं उंडारतेय?

या अंकाची जुळवाजुळव करायला आम्ही बसलो तेव्हा पोरांनी तासभर खेळ सांगितले. हसणं, टाळ्या, एकमेकांच्या जुन्या चोऱ्या. आमच्यातली एक कार्यकर्ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, 'तुमचं झालं का? आता मला विचारा.' विचारलं. म्हणाली, 'मी नळावर नंबर लावायचे. डब्यामागं डबा सरकवायचे. मधे कुणी घुसलं तर भांडायचे. लहानपणी काय खेळलीस म्हणशील तर हेच. खेळण्यातला डबा नव्हता, पंधरा लिटरचा होता.'

नंतर कुणी हसलं नाही.

माझ्या घरातलं सांगतो. आई सकाळी पाचला कामाला जायची. थोरली ताई तेव्हा आठ वर्षांची. मी तिच्या कडेवर. मला भरवायचं, धुवायचं, निजवायचं, मी पडलो तर मार तिनं खायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, पोरगी किती शहाणी, भावाला बाहुलीसारखा सांभाळते. खरंच आहे. तिची बाहुली मीच होतो. फक्त ही बाहुली कंटाळा आला म्हणून खाली ठेवता येत नव्हती. मी शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, कविता लिहायला लागलो. तिची शाळा चौथीला सुटली. माझ्या कवितेच्या पहिल्या ओळीचा हिशेब लावायचा तर तिच्या कमरेपासून लावावा लागेल.

आता वरच्या घरांकडे या. तिथं पोरींना भातुकली असते. पुण्याच्या तुळशीबागेत पितळेची मिळते, सावंतवाडीची लाकडाची रंगीत मिळते. चूल, पोळपाट, लाटणं, बंब, जातं, सगळं वीतभर. खोटा खोटा स्वयंपाक करायचा, बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं. स्त्रीमुक्तीवाल्या बाया म्हणतात, हे पोरीला गुलामीचं शिक्षण आहे. बरोबरच आहे. पण तिला निदान शिक्षण आहे, तालीम आहे, मग नाटक. आपल्या पोरीला तालीमच नाही. तिला एकदम खरा पोळपाट, खरा स्टोव्ह, खरा चटका. आणि आईबरोबर ती भांडी-धुण्याच्या कामाला जाते तेव्हा त्याच घरातली पितळी भातुकली घासूनपुसून फळीवर मांडायचं काम तिच्याकडं येतं. हात लावायचा, खेळायचं नाही. एका जातीच्या पोरीचं खेळणं दुसऱ्या जातीच्या पोरीचं काम असतं. बाई म्हणून दोघी भगिनी आहेत हे मला मान्य आहे. पण त्या फळीच्या कुठल्या बाजूला कोण उभी आहे, हेही भगिनींनी सांगावं.

त्याच घरातनं कधी जुनी बाहुली मिळते. एक हात गेलेला, केस विस्कटलेले, पण रंग गोरापान, डोळे निळे. आपली पोर तिला छातीशी धरून झोपते आणि सकाळी आरशात स्वतःचं तोंड बघते. काळी बाहुली या मुलखात नसते असं नाही. असते. नव्या इमारतीला, ट्रकच्या बंपरला, दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीसोबत टांगलेली असते. गोरी बाहुली कुशीत घ्यायला, काळी बाहुली नजर उतरायला. सगळ्यांची इडापिडा तिनं घ्यायची आणि उन्हातान्हात लोंबकळायचं. आपल्या आयाबहिणींचं चित्र याहून नेमकं कुठल्या चित्रकारानं काढलंय?

मी गोदीत कंत्राटी हमाल. कंटेनर उघडून खोकी खाली करायची. खेळण्यांची खोकी हलकी, म्हणून सगळ्यांना हवी असतात. खोक्यांवर चित्रं असतात. गुलाबी खोक्यात स्वयंपाकघर, इस्त्री, मेकअपची पेटी, झाडू आणि पोछासुद्धा. निळ्या खोक्यात बंदूक, ट्रक, क्रेन, विमान. २०२० साली सरकारनं आयात खेळण्यांवरचा कर २० टक्क्यांवरून ६० वर नेला, २०२३ साली ७० वर. देशी खेळणी करा म्हणाले. ठीक आहे, केली. पण खेळणं स्वदेशी झालं म्हणून गुलाबीचं निळं झालं नाही. झाडू पोरीच्याच खोक्यात राहिला.

आणि निळ्या खोक्यातली क्रेन आपल्या पोरासाठी आहे या भ्रमातही राहू नका. खेळण्यातली क्रेन फिरवणारा पोरगा उद्या इंजिनिअर होतो. आपला पोरगा खऱ्या क्रेनच्या आकड्याखाली उभा राहतो. जातीनं आपल्या पोराचं खेळणं पळवलं, पोरीचं तर खेळायचं वयच पळवलं. हा फरक समजून घ्या. पहिल्या चोरीत आपण दोघंही लुटले गेलो. दुसऱ्या चोरीतला माल आपल्याच घरात आहे.

भावनेनं बोलतोय असं वाटत असेल तर सरकारचाच आकडा घ्या. कोण दिवसातला किती वेळ कशात घालवतो याची देशभर पाहणी झाली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४ साली पुन्हा मोजलं, बायकांची २८९, पुरुषांची ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद करावा, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं उचलून घेतलीच. आणि २०१९ साली घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. पण मला यात सगळ्यात भयंकर वाटली ती वेगळीच गोष्ट. ही मोजणी सहा वर्षांच्या वयापासून सुरू होते. घरकामाचा हिशेब सहाव्या वर्षापासून. सरकारलाही ठाऊक आहे, पोरीची नोकरी कधी लागते.

कायदे नाहीत का? आहेत. मुलाला खेळायचा हक्क आहे असं १९८९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात लिहिलंय, एकतिसाव्या कलमात. भारतानं तो १९९२ साली मान्य केला. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं असं आहे. आणि त्याच देशात २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलून ठेवला, शाळा सुटल्यावर मुलानं घरच्यांना, घरच्या धंद्याला मदत केलेली चालेल म्हणून. घरच्यांना मदत! कुणाच्या घरातलं कुठलं पोर मदतीला बसतं, हे विचारायची गरज आहे का? गटारावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत मदत म्हणजे काय असतं ते कायदा लिहिणाऱ्याला माहीत नसेल. आपल्याला माहीत आहे.

आता पोरांचंही बोलू. कारण यात पोर जिंकतो असं वाटतं, पण तोही सरळ वाढत नाही. पोरींत बसून खडे खेळला की बायल्या. रडला की बाईसारखा काय रडतोस. बाहुली उचलली की आजी हातातनं हिसकावून घेणार. त्याला बंदूक द्या, काठी द्या, शिवी द्या. दिवसभर बाप मुकादमाची शिवी खातो, साहेबापुढं मान खाली घालतो. त्याच्याजवळ उरलेली एकच इस्टेट म्हणजे मर्दपणा. ती तो संध्याकाळी घरी येऊन खर्च करतो, बायकोच्या पाठीवर. पोर बघतो आणि शिकतो की माणूस होणं म्हणजे कुणाला तरी मारता येणं. वरच्यानं आपल्याला तुडवलं, आपण खालचं माणूस शोधलं. बाबासाहेबांनी जातीला पायऱ्यांची विषमता म्हटलं ते याच्यासाठी. प्रत्येकाला खाली बघायला एक पायरी ठेवलेली. शेवटच्या पायरीवर आपण नाही आहोत, मित्रांनो. आपल्या खाली आपली बहीण बसलेली आहे.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावानं जातींवर निबंध वाचला. त्यात सांगितलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि त्यासाठी बाईला बांधावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह, हे त्या बांधणीचे दोर. बालविवाह म्हणजे तरी काय? पोरीच्या हातातली बाहुली काढून घ्यायची आणि खरं मूल द्यायचं. म्हणजे पोरीचं खेळणं हा जातीच्या पायाचा दगड आहे. बाहुल्यांवर अंक काढला म्हणून हसणाऱ्या दोस्तांनी हा निबंध वाचावा.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जळाली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. अंगावर जातीची खूण म्हणून राहिलेली नेसण आणि दागिने टाका म्हणाले, पोरींना शिकवा म्हणाले. २० जुलै १९४२ ला नागपूरला आपल्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिथं त्यांनी सांगितलं की समाज किती पुढं गेला ते मी त्यातल्या बायका किती पुढं गेल्या यावरून मोजतो. पोरांची लग्नं घाईनं उरकू नका, आणि बायकोनं नवऱ्याची दासी न होता मैत्रीण व्हावं, हेही सांगितलं. १९५१ साली हिंदू कोड बिल अडवलं म्हणून मंत्रिपद टाकलं. हे सगळं आपण भाषणात सांगतो. घरात किती उतरवलं?

आपण रमाईची गाणी म्हणतो. गळा भरून येतो. तिचा त्याग, तिचं शेण थापणं, तिनं काढलेले उपास. पण भायखळ्याच्या बाजारात रात्री ओट्यावर लग्न लागलं तेव्हा रमाई आठ-नऊ वर्षांची होती. आईबाप गेलेले, मामा-काकांनी मुंबईला आणलेली पोर. त्या पोरीला काय खेळावंसं वाटत असेल, हे एकाही गाण्यात आपण विचारलेलं मला आठवत नाही. त्यागाची मूर्ती केली की बरं असतं. मूर्तीला खेळायचं नसतं. आणि मग घरातल्या पोरीला सांगता येतं, रमाईसारखी हो. अरे, पण ज्या बाबासाहेबांनी बालविवाहाला जातीचा दोर म्हटलं त्यांचं ऐकायचं की त्या दोराचीच पूजा करायची?

आपल्या पोरींना बोलता येत नव्हतं असंही नाही. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. ती शाळकरी पोर मांग-महारांच्या दुःखावर लिहिते आणि धर्माला थेट जाब विचारते. शंभर-सव्वाशे वर्षांनी बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, तर ते लिखाण घरात वीसेक वर्षं लपवून ठेवावं लागलं. १९८६ साली पुस्तक झालं. मुक्तेला वेळ मिळाला कारण सावित्रीबाईंनी तिला शाळेत बसवलं. बेबीताईंनी वेळ चोरला. दलित साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हेही लिहावं की आपल्याकडं बाप्यांना कविता सुचायला रात्र मोकळी असते, बायांना ती चोरावी लागते.

पँथरनं १९७३ सालच्या जाहीरनाम्यात दलित कोण हे सांगताना स्त्रियांनाही धरलं होतं. कागदावर धरलं होतं. सभेत चहा कुणी केला, शिबिरात चपात्या कुणी लाटल्या, मोर्चात पुढचा बॅनर कुणी धरला आणि मागं कडेवर पोर घेऊन कोण चालत होतं, हे ज्याचं त्यानं आठवावं. काही जण म्हणतात, आधी जात जाऊ द्या, मग बाईचं बघू. मी म्हणतो, जात बाईवर उभी आहे, ती आधी जाणार कशी? पाया तसाच ठेवून कळस पाडणारा गवंडी अजून जन्माला यायचाय.

नुसतं बोलून भागणार नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे.

वस्तीवस्तीत संध्याकाळी पाच ते सात पोरींचा वेळ. या दोन तासांत कुठल्याही पोरीला नळावर, मोरीवर, वाण्याकडं पाठवायचं नाही. तिच्या कडेवरचं पोर भावानं घ्यायचं. पाण्याच्या रांगेत मंडळाच्या पोरांनी उभं राहायचं. लाज वाटली तर दंडावरचा निळा पट्टा आधी सोडायचा.

मैदान पोरांच्या बापाचं नाही. क्रिकेटची पिच आठवड्यातले तीन दिवस पोरींना मोकळी. बाजूला टवाळी करायला उभा राहील त्याला मंडळानं जाब विचारायचा.

१४ एप्रिलला डीजेला देतो त्यातला चौथा हिस्सा वस्तीतल्या बालवाडीच्या आणि वाचनालयाच्या खेळण्यांना. ठोकळे, चेंडू, रंग, भिंग, चुंबक, बुद्धिबळ. पोरांचं वेगळं, पोरींचं वेगळं कपाट नको. आणि चिंध्यांच्या बाहुल्या आपणच शिवू, आपल्या रंगाच्या. कुठं टांगायला नाही, कुशीत घ्यायला. पोरांनाही द्या. पोरगा बाहुली खेळला तर उद्या स्वतःचं मूल उचलायला तो घाबरणार नाही.

शिबिरात चपात्या पुरुषांनी लाटायच्या. वाकड्या झाल्या तर वाकड्या खाऊ.

हे फार मोठं नाही, हे मला कळतं. एवढ्यानं सत्ता हालणार नाही. पण आपल्याला सत्ता कशाला हवी? माणूस म्हणून जगायला. जी पोर सहाव्या वर्षापासून फक्त उपयोगाला आली, तिला आपण मोठेपणी सांगणार की तू माणूस आहेस, लढायला चल. ती कशी येईल? माणूस होण्याचा सराव खेळात होतो. तिथं हरता येतं, भांडता येतं, नियम मोडून नवे करता येतात, डाव अर्धा सोडून उठता येतं. नाही म्हणता येतं. जिला लहानपणी कुठल्याच हाकेला नाही म्हणता आलं नाही, ती मुकादमाला, सासऱ्याला, नवऱ्याला, सरकारला नाही कुठून म्हणणार?

तेव्हा अंक वाचा. आवडला नाही तर भांडा, पण लिहून भांडा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवलीत, ती बहिणींसाठी. दादांनो, त्यांचं लिखाण वेळेवर यावं असं वाटत असेल तर आजची भांडी तुम्ही घासा. वर्गणी थकलेल्यांनी वर्गणी पाठवा.

जयभीम.